वरंधा घाटात दरड आली तर: बाइकवाल्यांसाठी कामाची माहिती

भोरहून महाडला उतरणारा वरंधा घाट पावसाळ्यात बाइकवाल्यांचा लाडका, आणि पावसाळ्यातच वरचेवर बंद होणारा. आधी नीरा-देवघरच्या पाण्याकडेने जाणारा रस्ता, मग वाघजाई मंदिराजवळचा कडा, आणि तिथून वळणावळणाने कोकणात उतार. खाली दिलेलं ताम्हिणी, आंबेनळी (महाबळेश्वर-पोलादपूर), माळशेज या घाटांनाही तितकंच लागू आहे, कारण दगड तोच आहे.

सह्याद्रीचा कडा म्हणजे लाव्ह्याचे थरावर थर. काळा पाषाण कठीण खरा, पण उभ्या भेगांनी चिरलेला. दोन थरांच्या मध्ये बऱ्याच ठिकाणी गेरूसारख्या तांबड्या मातीचा पट्टा असतो. पावसाचं पाणी भेगांतून झिरपत त्या पट्ट्यापर्यंत जातं आणि तिथे अडतं. माती मऊ होते, वरच्या ठोकळ्याचा आधार सुटतो. हे सगळं सावकाश चालतं, म्हणून दरड ऐन मुसळधारेतच येईल असं नाही. पाऊस थांबल्यावर काही तासांनी येते, दुसऱ्या दिवशी लख्ख उन्हातही येते. ऊन पडलं म्हणून गाडी काढणारे नेमके इथे फसतात. सुटलेला दगड ढकलायला माकडंही पुरतात, आणि वाघजाईला त्यांची काही कमी नाही.

निघण्याआधी दोन जिल्ह्यांचे आदेश बघा. घाटाची वरची बाजू पुणे जिल्ह्यात, खालची रायगडात. दोन्हीकडचे जिल्हाधिकारी आपापल्या हद्दीपुरता आदेश काढतात. भोरकडे रस्ता चालू आहे म्हणजे महाडकडे चालू असेलच असं नाही. आदेशात तीन गोष्टी शोधा: कुठून कुठपर्यंत बंद, कोणत्या वाहनांना, आणि कधीपर्यंत. ‘जड वाहनांना बंद’ आणि ‘सर्व वाहनांना बंद’ यातला फरक लोक वाचतच नाहीत. बंदी मोडून आत शिरणं महागात पडतं. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ च्या कलम ५१ खाली एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

हवामान खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ मिमीच्या पुढे जोरदार पाऊस, ११५.६ पासून अति जोरदार आणि २०४.४ च्या वर अत्यंत जोरदार. घाटमाथ्याला ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर वरंधा सोडून आंबेनळीने जाऊ, हा पर्याय धरू नका. दोन्ही घाट एकाच पावसाच्या तोंडावर आहेत. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिमी पाऊस झाला, तेव्हा आंबेनळीचा रस्ता ठिकठिकाणी तुटून गेला होता. महाडला जायचंच असेल तर लांबचा पण बरा मार्ग म्हणजे जुन्या महामार्गाने लोणावळा, खोपोली, मग पाली, वाकण आणि पुढे माणगाव. एक्स्प्रेसवेवर दुचाकीला मनाई आहे, त्यामुळे बोरघाटातल्या पाट्या नीट बघून वळा. निघताना टाकी भरा. भोर सुटलं की महाडपर्यंत पंप नाही असंच समजा. घाटातून उलटं फिरावं लागलं की अर्ध्या टाकीचा हिशेब चुकतो.

घाटात शिरल्यावर डोळे रस्त्याइतकेच कड्यावर ठेवा. डांबरावर विखुरलेल्या, ताज्या तुटलेल्या कपच्या ही पहिली खूण. ताजी कपची आतून निळसर काळी दिसते, जुनी तपकिरी. कड्यावर नवा तांबडा ओरखडा, वाकलेलं झाड, कालपर्यंत पांढऱ्या असलेल्या धबधब्याचं अचानक गढूळ झालेलं पाणी, या पुढच्या. सगळ्यात वाईट खूण म्हणजे भर पावसात एखादा ओढा एकाएकी आटणं. वर कुठेतरी दगडमातीने तो अडलाय आणि तुंबलेलं पाणी एकदम सुटणार आहे. तिथे फोटोला थांबायचं नाही.

समोर दरड दिसली तर जवळ जाऊन बघू नका. रस्त्यावर पडलेल्या ढिगापेक्षा जे वर लटकलंय ते जास्त धोक्याचं. किमान शंभर मीटर मागे या. थांबण्याची जागा निवडताना घाटाचं एक गणित लक्षात ठेवा: वळण डोंगराच्या आत शिरतं तिथे ओढा किंवा नाळ असते, आणि वरचं सगळं तिथूनच खाली येतं. वळण बाहेर येतं ते डोंगराचं नाक. तुलनेने सुरक्षित जागा ती. पण तिथेही दरीच्या कठड्याला टेकू नका. साइडपट्टी भिजून पोकळ झालेली असू शकते. डांबरात रस्त्याच्या लांबीला समांतर भेग दिसली, तर तिच्या दरीकडच्या बाजूला पायही ठेवू नका.

भरलेली गाडी घाटात वळवताना सामानासकट मागच्याला खाली उतरवा. तोंड चढाकडे असेल अशा बेताने वळा, म्हणजे घसरली तरी क्लच आणि मागच्या ब्रेकवर धरता येते. उभी करताना पहिल्या गिअरमध्ये, तोंड चढाकडे. गाड्या एकाच बाजूला, एका ओळीत लावा. समोरून मोकळी दिसणारी लेन आपली नाही. त्याच लेनने पोकलेन घेऊन येणारा ट्रेलर यायचा असतो. दुचाकींनी तोंड अडवल्यामुळे यंत्र खालीच खोळंबतं, हे दर पावसाळ्यात घडतं.

कळवायचं १०७७ वर, म्हणजे जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाला. जखमी असेल तर १०८ किंवा ११२. फोन लागला की पहिल्या वाक्यात जिल्हा सांगा, कारण घाटात कुठला टॉवर पकडला जाईल याचा नेम नाही. मग जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा, ढिगाची अंदाजे लांबी, एक लेन सुटली आहे की नाही, आणि अजून दगड येत आहेत का.

आता रस्ता मोकळा व्हायला किती वेळ लागेल, हा प्रश्न. ‘दोन तासांत होईल’ या शब्दावर विसंबण्यापेक्षा स्वतः हिशेब करा. २० मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि सरासरी २ मीटर उंच ढीग म्हणजे २८० घनमीटर. दहा चाकी हायवाचा (डंपरचा) हौदा १४ घनमीटरचा असला तरी दगडाचं वजन बघता त्यात १० च्या आसपासच भरतात. म्हणजे २८ फेऱ्या. माल टाकायची जागा लांब असेल आणि एका फेरीला ४० मिनिटं लागत असतील, तर दोन हायवांना नऊ तासांहून जास्त, तिघांना सहा तासांच्या वर. यात पावसाची विश्रांती धरलेली नाही. दरीत लोटून द्या की, असं कुणीतरी म्हणतंच. लोटलेली दगडमाती खालच्या वळणावर, रस्त्याखालच्या मोऱ्यांच्या तोंडाशी किंवा कुणाच्या भातखाचरात जाऊन पडते.

मोठा धोंडा असेल तर हिशेब आणखी बिघडतो. दीड मीटर लांबी-रुंदी-उंचीचा पाषाण साडेनऊ टनांच्या घरात जातो. जेसीबीचं स्वतःचं वजनच साडेसात-आठ टन. त्याला तो हलत नाही. पोकलेन लागतो, नाहीतर ब्रेकर लावून फोडावा लागतो. सुरुंग हा शेवटचा उपाय: परवानाधारक माणूस लागतो, आणि हादऱ्याने वरचा कडा आणखी सैल होतो.

यंत्र येऊनही काम सुरू झालेलं दिसत नाही तेव्हा लोक चिडतात. कारण साधं आहे. आधी वरचे लटकते दगड पाडायचे असतात: दोरावरची माणसं पहारीने, किंवा पोकलेन लांब हात करून. त्या वेळी खाली कुणी असता कामा नये. कड्याकडे डोळे लावून बसलेला, शिट्टी घेतलेला एक माणूस सतत लागतो, आणि अंधार पडला की तो काही कामाचा राहत नाही. म्हणून रात्री काम थांबवतात. ढीग निव्वळ दगडांचा असेल तर उचलता येतो. मातीचा असेल तर त्याच्या पायथ्यानेच वरची माती तोलून धरलेली असते. घाईने पायथा उपसला की दुसरी दरड यंत्रावर येते. अशा वेळी एक लेन काढून उरलेलं दोन-तीन दिवस तसंच ठेवलेलं दिसेल. तो आळस नव्हे.

डोंगराकडचं गटार आणि मोरी मोकळी झाली का, ते मात्र जाताना बघा. मोरी तुंबलेली असेल तर पाणी डांबरावरून वाहून दरीकडची भराव-माती खाते, आणि पुढच्या पावसात तिथे दरडीऐवजी रस्ताच खचतो.

एक लेन उघडली की आधी चारचाकींना जाऊ द्या. ढिगाच्या पट्ट्यात दुसरा गिअर, ताशी १५ ते २०, पुढच्या गाडीपासून ३० मीटर अंतर. थांबायचं नाही. एक जण पार झाल्यावरच दुसऱ्याने निघायचं. सगळा ग्रूप एकदम त्या कड्याखाली नको. टँकरने धुतल्यावरही तांबड्या मातीचा पातळ लेप राहतो आणि तो साबणासारखा असतो. त्यावर पुढचा ब्रेक बोटभरच, इंजिन ब्रेकिंग जास्त. वळणाच्या बाहेरच्या कडेला बारीक कच साचते. तिथे एबीएस चाक अडकू देत नाही, पण थांबायचं अंतर वाढवतो. पोकलेनच्या पट्ट्यांनी डांबरावर आडव्या खाचा पडलेल्या असतात. त्या काटकोनात ओलांडा, फूटपेगवर किंचित उभं राहून.

पाषाणाच्या कपच्या सुरीसारख्या असतात. ट्यूबलेस टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागात भोक पडलं तर पट्टी भरून घरी जाता येतं, पण बाजूच्या भिंतीला काप गेला तर पट्टी धरत नाही. तेव्हा ट्यूब टाकून हळू चालवत शहर गाठायचं, म्हणून एक ट्यूब आणि टायर लिव्हर सामानात हवेत.

महाडला पोचल्यावर पुढच्या मडगार्डमध्ये अडकलेली चिकणमाती काडीने काढा. वाळली की ती टायरला घासते. डिस्कवर पाणी मारा आणि चाक फिरवून ऐका. खरखर येत असेल तर पॅडमध्ये खडा आहे. चेन रॉकेल आणि ब्रशने धुऊन, कोरडी पुसून मगच ऑइल लावा. न धुता लावलेलं ऑइल कच धरून ठेवतं, आणि चेन-स्प्रॉकेट दोन्ही वेळेआधी खातं.