एक डोळा झाकून, रोज एक मिनिट

दोन्ही डोळे उघडे असले की एका डोळ्याचा बिघाड दुसऱ्या चांगल्या डोळ्यामुळे लपून जातो. जिंतूरजवळ राहणाऱ्या आमच्या मावशीचं तसंच झालं. साखरेमुळे पडद्यावर सूज होती, पण डाव्या डोळ्याला दाराची चौकट वाकडी दिसते हे तिला फार उशिरा कळलं. परभणीला तपासणी दोन-दोन महिन्यांनी होते, म्हणून मधल्या दिवसांसाठी आम्ही घरीच नजर तपासणं सुरू केलं.

१. मोबाईलवर ‘ॲम्सलर ग्रिड’ (आडव्या-उभ्या रेषांच्या चौकटींचा, मध्ये ठिपका असलेला तक्ता) शोधा. ॲप आहेत, पण नुसतं चित्र गॅलरीत ठेवलं तरी चालतं; गावात नेट नसलं तरी अडत नाही.
२. जवळचा चष्मा लावा, मोबाईल साधारण ३० सेंटिमीटरवर धरा. उजेड रोज सारखाच ठेवा.
३. एक डोळा तळहातानं झाका (दाबू नका), दुसऱ्यानं फक्त मधल्या ठिपक्याकडे बघा. नजर फिरवायची नाही, इथंच सगळे चुकतात. मग दुसरा डोळा.
४. रेषा वाकड्या, पुसट किंवा गायब दिसल्या तर स्क्रीनशॉटवर बोटानं तेवढी जागा रंगवा. तारीख आपोआप राहते आणि डॉक्टरांना दाखवायला सोपं जातं.

मूळ तक्ता १० सेंटिमीटरचा असतो, मोबाईलवर तो लहान होतो. त्यामुळे कागदावर छापून देवघराशेजारी चिकटवला तर जास्त चांगलं.

नवीन वाकडेपणा दिसला तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, एक-दोन दिवसांत दाखवा. रेषा सरळ दिसल्या तरी पडद्याची तपासणी चुकवू नका. काचबिंदू यात कळत नाही.