शिकता शिकता लष्करी अधिकारी होण्याची तयारी

यवतमाळ-वाशीमकडच्या खेड्यांतील मुलामुलींनी पदवीच्या पहिल्याच वर्षी, प्रवेश होताच, महाविद्यालयातील एनसीसी (राष्ट्रीय छात्र सेना) अधिकाऱ्यांना भेटून नाव नोंदवावे. कारण एनसीसीच्या ‘सी’ प्रमाणपत्राची परीक्षा तिसऱ्या वर्षी होते आणि उशीर झाला की ती हुकते. या प्रमाणपत्रात किमान ‘बी’ श्रेणी व पदवीला ५० टक्के गुण असल्यास लष्करी अधिकारी होण्याच्या ‘एनसीसी विशेष प्रवेशा’साठी अर्ज करता येतो आणि छाननीत निवड झाल्यास, सीडीएसची (संयुक्त संरक्षण सेवा) लेखी परीक्षा न देता, थेट एसएसबीच्या (अधिकारी निवडणारे सेवा निवड मंडळ) मुलाखतीला बोलावणे येते. धावण्याचा सराव उन्हाळ्यात पहाटेच पांदण रस्त्यावर उरकावा. खरी अडचण मात्र बोलण्याची असते: एसएसबीतल्या गटचर्चेत गप्प राहणारी हुशार मुले मागे पडतात, म्हणून रोज एका बातमीवर मित्रांसमोर उभे राहून दोन मिनिटे इंग्रजीत बोलावे, चुकले तरी थांबू नये.