ऑनलाइन देशात निवडणूक घेताय? या चुका टाळा

मित्रमंडळींनी मिळून इंटरनेटवर एक चिमुकला देश काढायचा, झेंडा आणि राज्यघटना ठरवायची, इथवर सगळं मजेत चालतं. पहिली निवडणूक आली की फाटाफूट सुरू होते. पणजी-फोंड्याकडची मुलं असं मायक्रोनेशन चालवतात तेव्हा मला मनापासून आनंद होतो. मतदारयादी, मतमोजणी, पक्षांतर या गोष्टी त्यांना स्वतः करून कळतात. म्हणूनच त्यांचा देश पहिल्याच निकालानंतर बंद पडू नये असं वाटतं.

खऱ्या राज्यात हरलेला माणूस तिथंच राहतो, इथं तो ग्रुप सोडतो आणि नवा देश काढतो. टलोसा हा 1979 साली अमेरिकेतल्या मिलवॉकीत एका 14 वर्षांच्या मुलाने आपल्या खोलीपुरता जाहीर केलेला देश. पुढे तिथं पक्ष आले, निवडणुका आल्या आणि 2004 मध्ये नाराज नागरिकांनी बाहेर पडून वेगळं प्रजासत्ताक काढलं. दोघं पुन्हा एकत्र यायला 2012 उजाडलं. तेव्हा कुठलाही नियम करताना बघायचं ते एवढंच, की हरणाऱ्याला तो पटेल का.

संस्थापकच निवडणूक अधिकारी

सगळ्यात महागात पडते ती ही चूक. ग्रुपचा ॲडमिन, पक्षाचा नेता आणि मतं मोजणारा एकच असेल, तर तो कितीही सरळ असला तरी निकालावर शंका येणारच. गोव्यात याचं मोठं उदाहरण आहे. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का, यावरच्या 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलाआधी विलीनीकरणाच्या बाजूचे मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या सरकारने राजीनामा दिला. सत्ता हातात ठेवून कौल घेतला, असं म्हणायला जागा उरली नाही. विलीनीकरणाची बाजू 34,021 मतांनी हरली. त्यानंतर काही महिन्यांतच विधानसभा निवडणूक जिंकून भाऊसाहेब पुन्हा मुख्यमंत्री झाले. तुम्हीही निवडणुकीपुरते ॲडमिनचे अधिकार कुठल्याच पक्षात नसलेल्या दोघांकडे द्या. असे दोघं मिळत नसतील तर दुसऱ्या मायक्रोनेशनमधून माणूस बोलवा.

यादी उघडी ठेवणं

20 जणांच्या देशात चार खोटी अकाउंट सत्ता पालटू शकतात. मतदारयादी महिनाभर आधी गोठवा, सगळ्यांना दाखवा, हरकतींना आठवडा द्या. नव्या नागरिकाशी एकदा व्हिडिओ कॉलवर बोला.

मोजणीची पद्धत निकालानंतर ठरवणं

समजा सभागृहात 5 जागा आहेत आणि तीन पक्षांना 11, 6 आणि 3 मतं पडली. मतांच्या प्रमाणात जागा वाटायच्या डोंट पद्धतीत प्रत्येकाची मतं 1, 2, 3 अशी भागत जायची आणि मोठ्या भागाकारांना जागा द्यायच्या. 11, 6, 5.5 आणि 3.67 यांना चार जागा गेल्या. पाचव्या जागेसाठी दुसऱ्या पक्षाचा भागाकार 3 आणि तिसऱ्याचाही 3! आता तशीच दुसरी, सेंट-लाग पद्धत घ्या. तिथं 1, 3, 5 ने भागतात, त्यामुळे तिसऱ्या पक्षाला जागा सरळ मिळते. मतं तीच, पण कुठल्या पद्धतीने मोजली यावर सभागृह बदलतं. निकाल समोर आल्यावर पद्धत निवडली, तर ती कुणाच्या तरी फायद्यासाठीच निवडली असं दिसणार. पद्धत घटनेतच लिहा, आणि बरोबरी झाली तर काय हेही लिहा. आपल्या 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात समसमान मतं पडली की चिठ्ठी टाकतात. तेवढं पुरे आहे, फक्त चिठ्ठी व्हिडिओ कॉलवर सगळ्यांसमोर उचला.

पक्षांतरबंदी जशीच्या तशी उचलणं

जुलै 2019 मध्ये गोव्यात काँग्रेसच्या 15 पैकी 10 आणि सप्टेंबर 2022 मध्ये 11 पैकी 8 आमदार भाजपमध्ये गेले. पक्षाचे दोन-तृतीयांश आमदार मिळून दुसऱ्या पक्षात विलीन झाले तर पक्षांतरबंदी लागत नाही, आणि दोन्ही वेळा तो आकडा गाठलेला होता. ज्यांनी मत दिलं त्यांना काय वाटलं, ते इथल्या घराघरात ऐकायला मिळालं. तरीही मुलं भारताच्या राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टातला तोच दोन-तृतीयांशांचा नियम उतरवून घेतात. पाच जागांच्या सभागृहात एकाच जागेचा पक्ष असेल, तर तो एकटा सदस्य म्हणजेच पूर्ण पक्ष. तो कधीही उडी मारू शकतो आणि नियम त्याला अडवतच नाही. त्यापेक्षा जागा पक्षाने आधीच दिलेल्या उमेदवारांच्या यादीची ठेवा. पक्ष सोडला की जागाही सुटली, यादीतला पुढचा माणूस आत.

वेळ आणि गुप्तता

'मध्यरात्री मतदान बंद' एवढंच लिहू नका. तुमचा एक नागरिक दुबईत दीड तास मागे, दुसरा लिस्बनला हिवाळ्यात साडेपाच तास मागे. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) दिवसांत तर मतदान ठेवूच नका, घरोघरी माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळापानांची सजावट, बांधायची गडबड असते. आणि ऑनलाइन फॉर्मवर मतं घेत असाल तर मताशेजारी वेळ नोंदली जाते. ती यादी ग्रुपवर टाकली की कुणी कुणाला मत दिलं हे 20 जणांत लगेच ओळखू येतं. पक्षनिहाय बेरीजच जाहीर करा.

हौसेत कायदा विसरणं

नागरिकत्वाचं कार्ड खुशाल छापा, पण त्यावर अशोकस्तंभाची राजमुद्रा नको, तिच्या गैरवापराविरुद्ध 2005 चा कायदा आहे. 'पासपोर्ट' म्हणून काही विकू नका. पक्षनिधीच्या नावाने खरे पैसेही गोळा करू नका.