पहिली बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल घेताय? या चुका टाळा

थँक्सगिव्हिंग तोंडावर आलं की मला फोन यायला लागतात. "काका, शिकारीचं लायसन्स निघालंय, शनिवारी पेनसिल्व्हेनियात हरणाचा सीझन उघडतोय, उद्या रायफल घ्यायला चाललोय. कोणती घेऊ?" उद्या! अख्खा उन्हाळा हातात होता, तेव्हा कुणाला आठवण झाली नाही. माझं उत्तर दरवर्षी एकच असतं: या सीझनला कुणाबरोबर तरी नुसतं जंगलात जा, बघा, शिका. रायफल पुढच्या जूनमध्ये घेऊ, तीही बोल्ट-अ‍ॅक्शन, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर बोल्ट (काडतूस आत ढकलणारा दांडा) हाताने मागेपुढे करावा लागतो ती.

राग येतो, पण कारणही समजतं. भारतात १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि हळूहळू शिकार थांबली. ते चांगलंच झालं. पण त्यामुळे इथे अमेरिकेत येणाऱ्या मराठी माणसाच्या घरात रायफल हातात घेतलेलं कुणी नसतं. फार तर गावाकडच्या कुणा आजोबांची परवान्याची .३१५ रायफल भिंतीवर पाहिलेली असते. इथल्या पोराला बाप शिकवतो, आजा शिकवतो. आपल्याला शिकवतो तो दुकानातला विक्रेता, आणि त्याला संध्याकाळपर्यंत माल खपवायचा असतो.

राज्याचा नियम न वाचता रायफल घेणं

न्यू जर्सीतल्या आपल्या लोकांची ही हमखास चूक. न्यू जर्सीत हरणाची शिकार सेंटरफायर रायफलीने (जिच्या काडतुसाची ठिणगी बुडाच्या मधोमध पडते, म्हणजे हरणासाठीची नेहमीची रायफल) करताच येत नाही. तिथे शॉटगन, मझललोडर (तोंडाकडून दारू-गोळी भरायची बंदूक) किंवा धनुष्यबाण. म्हणून आम्ही डेलावेअर नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियात जातो. ओहायोत रायफल चालते, पण काडतूस सरळ भिंतीचं लागतं. .३०८ किंवा ६.५ क्रीडमोरसारखं खांद्याशी निमुळतं होणारं काडतूस तिथे हरणासाठी चालत नाही. आधी कुठे शिकार करणार ते ठरवा, त्या राज्याची नियमपुस्तिका वाचा, मग दुकानाची पायरी चढा.

एच-१बीवर असलेल्यांनी आणखी सांभाळायला हवं. अशा व्हिसावर असलेल्या माणसाला संघराज्याच्या कायद्याने बंदूक विकत घेता येत नाही आणि जवळ बाळगताही येत नाही. याला थोडे अपवाद आहेत, आणि त्यातला आपल्या कामाचा म्हणजे चालू मुदतीचं शिकारीचं लायसन्स. मुदत संपली की ती सूटही संपते. पेनसिल्व्हेनियाचं लायसन्स ३० जूनला संपतं. दुकानात भरायच्या ४४७३ क्रमांकाच्या फॉर्मवर चुकीची माहिती देणं हा गंभीर गुन्हा आहे आणि तो तुमच्या इमिग्रेशनच्या फाइलपर्यंत पोचतो. शंका असेल तर वकिलाला विचारा, मित्राला नको.

"मोठं काडतूस म्हणजे खात्रीची शिकार"

या एका समजुतीने जितकी हरणं जखमी होऊन पळालेली मी पाहिली आहेत, तितकी दुसऱ्या कशाने नाही.

आमच्या मंडळातल्या एका गृहस्थांनी पहिलीच रायफल घेतली ती .३०० विंचेस्टर मॅग्नम. बांधा किरकोळ, आयुष्यात .२२सुद्धा (सरावाची, जवळजवळ धक्का नसलेली छोटी रायफल) चालवलेली नाही. दुकानात त्यांना सांगितलं होतं की हिने एल्कही (इथलं सांबरापेक्षा मोठं हरीण) पडतो, मग हरणाची काय कथा. मी नेमबाजीच्या रेंजवर गेलो तेव्हा ते पन्नास यार्डांवर ताटाएवढ्या निशाणाच्या बाहेर मारत होते आणि रायफलीला दोष देत होते. मी त्यांची रायफल मागून घेतली, पाठ वळवून भरली आणि परत दिली. आत एक रिकामं, दारू नसलेलं सरावाचं काडतूस होतं. त्यांनी श्वास रोखला, ट्रिगर ओढला. नुसतं 'टक' वाजलं. धक्का बसलाच नाही, तरी नळीचं तोंड वीतभर खाली गेलं, डोळे गच्च मिटलेले, उजवा खांदा पुढे झेपावलेला. शेजारच्या बाकावरच्या माणसालाही ते दिसलं. धक्का यायच्या आधीच शरीर त्याला भिऊन आवळून घेतं. त्या रायफलीत काहीही बिघाड नव्हता.

मी त्यांना त्या वर्षी जंगलात जाऊ नका म्हणालो. ते गेले. साठ यार्डांवर मादी उभी होती, सावकाश चरत. गोळी छातीऐवजी पोटात, मागे लागली. अंधार पडेपर्यंत आम्ही पानांवरचे रक्ताचे थेंब शोधत हिंडलो, मग थेंबही संपले. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या जमीनमालकाची परवानगी काढून पलीकडे उतरलो, तर ती ओढ्याकाठी सापडली. कोयोटींनी अर्धी खाल्लेली. तिने ती रात्र कशी काढली असेल हे ज्याला कळतं, तो दुकानात काडतुसाचा आकार बघून भुलत नाही.

आता आकडे बघा. साडेसात-आठ पौंडांच्या रायफलीत .२४३ विंचेस्टरचा धक्का ढोबळमानाने ९-१० फूट-पाउंड (धक्क्याचा जोर मोजायचं माप), ६.५ क्रीडमोरचा १२-१३, .३०८चा १७-१८, .३०-०६चा २०च्या आसपास आणि .३०० विंचेस्टर मॅग्नमचा २५च्या पुढे. नवशिक्याने .३०८च्या पुढे जाऊ नये असं माझं मत आहे. .३०-०६ हे १९०६चं काडतूस, .२७० विंचेस्टर १९२५चं, .३०८ आलं १९५२मध्ये. इथल्या हरणांच्या कातडीत तेव्हापासून काही फरक पडलेला नाही. पेनसिल्व्हेनियाच्या झाडीत शंभर यार्डांपलीकडे हरीण दिसणंच विरळा. ६.५ क्रीडमोर, ७एमएम-०८ किंवा .३०८ घ्या. तिन्हींची काडतुसं कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतात, आणि सीझनच्या आदल्या दिवशी डबा विसरला तर याची किंमत कळते.

आणि हो, वजनाला हलकी म्हणून सहा पौंडांच्या आतली रायफल उचलू नका. खांद्यावर ती हलकी वाटते, पण तेच काडतूस तिच्यातून जास्त जोरात लाथ मारतं.

त्या गृहस्थांनी नंतर ७एमएम-०८ घेतली. पण अंगात बसलेली ती दचकण्याची सवय तेवढ्याने गेली नाही. पुढचा सगळा उन्हाळा त्यांना .२२वर काढावा लागला. म्हणून मी प्रत्येकाला आधी .२२ बोल्ट-अ‍ॅक्शन घ्यायला लावतो. लोकांना तो खर्च वाया वाटतो. मला वाया वाटत नाही.

स्कोप 'दुकानातच बसवून मिळतो'

दुसरी चूक माझ्या डोक्यात जाते ती ही. सगळे पैसे रायफलीवर, आणि स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, रायफलीच्या पॅकेजमध्ये आला तो. वर विक्रेता सांगतो, "लेझरने झीरो करून दिलंय." झीरो म्हणजे नेम धरला तिथेच गोळी लागेल असा स्कोप जुळवणं. लेझरने तो होत नाही! गोळी कागदावर कुठेतरी लागेल एवढीच लेझरची मजल. झीरो होतो तो तुमच्या खांद्यावरून, तुमच्या काडतुसाने, शंभर यार्डांवर.

मागे एक तरुण मुलगा रेंजवर भेटला. काडतुसांचे दोन डबे संपवले होते. एक गोळी डावीकडे तीन इंच, तो स्कोपची चकती चार-पाच क्लिक फिरवायचा, पुढची उजवीकडे चार इंच, पुन्हा उलटं. "काका, स्कोपच फुटका आहे." मी स्कोपला हातही लावला नाही. त्याखालच्या बेसच्या (रायफलीवरची पट्टी, जिच्यावर स्कोप बसतो) पुढच्या स्क्रूवर नुसतं बोट ठेवून फिरवलं आणि तो फिरला. पाना नाही, पेचकस नाही, बोटाने. प्रत्येक गोळीबरोबर स्कोप आपली जागा बदलत होता आणि हा बिचारा ढळत्या पायावर माप घेत बसला होता. काडतुसांचे पैसे गेले ते गेलेच, शिवाय त्याचा रायफलीवरचा विश्वास उडाला. तो परत यायला फार वेळ लागतो.

माझी पद्धत सांगतो. दुकानाने बसवलेलं सगळं मी घरी उघडतो. स्क्रू आणि भोकं अल्कोहोलने पुसून तेल काढतो. बेस बसवल्यावर बोल्ट मागेपुढे करून बघतो, कारण पुढचा स्क्रू जरा लांब असला तर तो आत डोकावून बोल्टला अडतो. मग इंच-पाउंडाचा टॉर्क ड्रायव्हर, म्हणजे ठरवलेल्या जोरानेच स्क्रू आवळणारा पेचकस. स्कोपला धरून ठेवणाऱ्या रिंगच्या स्क्रूंना साधारण १५ ते १८ इंच-पाउंड पुरतात, पण बनवणाऱ्याने कागदावर जो आकडा दिला असेल तोच खरा. "हाताला अंदाज आहे" म्हणणाऱ्यांनी चिरडलेल्या स्कोपच्या नळ्या मी पाहिल्या आहेत. शेवटी स्क्रूच्या डोक्यावरून बेसपर्यंत नेलपॉलिशची बारीक रेघ. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू हलला, इतकं सोपं.

आणखी एक: डोळ्याचं अंतर ठरवताना नोव्हेंबरचं जाड जॅकेट अंगात हवं. टीशर्टवर बसवलेला स्कोप थंडीत डोळ्याला जुळत नाही, मग माणूस मान पुढे काढतो, आणि धक्क्याबरोबर स्कोपची कड भुवईवर येते. टाके पडतात. डोळा आणि काच यांच्यात साडेतीन इंच तरी राहू द्या.

पैशांची वाटणी विचाराल तर रायफल साधी चालेल, स्कोप आणि रिंग साध्या चालणार नाहीत. सॅव्हेज अ‍ॅक्सिस किंवा रूगर अमेरिकनसारख्या स्वस्त रायफलीही आज हरणासाठी पुरेशा नेमक्या असतात. थोडे जास्त पैसे असतील तर फिनलंडची टिक्का टी३एक्स. तिचा बोल्ट एकदा हातात घेऊन चालवून बघा, मग बाकीच्या कशा खरखरतात ते कळेल.

अंगाला न लावता, ऑनलाइन फोटो बघून ऑर्डर

दुकानात रिकामी रायफल हातात घ्या, विक्रेत्याला विचारून, तोंड सुरक्षित दिशेला ठेवून. डोळे मिटा, रायफल खांद्याला लावा, गाल दस्त्यावर टेकवा, डोळे उघडा. मान न हलवता स्कोपमधून पूर्ण गोल चित्र दिसलं तर ती तुमची. काळी चंद्रकोर दिसली तर दस्ता तुमच्या मापाचा नाही. बहुतेक दस्ते साडेतेरा इंचांच्या आसपासचे असतात. साडेपाच फुटांच्या आतल्या माणसाला, विशेषतः आपल्या बायका-मुलींना, ते लांब पडतात. त्यांना नवऱ्याची रायफल देऊन "जमवून घे" म्हणणं मला अजिबात पटत नाही. लहान मापाचे दस्ते मिळतात, घ्या.

डावखुरे असाल तर डाव्या हाताचा बोल्टच घ्या. दुकानात नसेल तर थांबा.

जुनी रायफल स्वस्तात मिळाली म्हणून

जुन्या रायफली मला आवडतात, पण डोळे उघडे ठेवून. नळीच्या तोंडाची कड बोटाने आणि भिंगाने तपासा. तिथे खरवड असेल तर नेम भरकटतो. स्क्रूंच्या खाचा चेपलेल्या असतील तर कुणी तरी अर्धवट माणसाने आत हात घातलेला आहे. बंदुकीच्या कारागिराकडून हेडस्पेस (बंद बोल्ट आणि आत बसलेलं काडतूस यांच्यातली जागा) मोजून घ्या. रेमिंग्टन ७०० असेल तर सिरीयल नंबर बघा: १ मे २००६ ते ९ एप्रिल २०१४ या काळात बनलेल्या, एक्समार्क प्रो ट्रिगर असलेल्या मॉडेल ७०० आणि मॉडेल सेव्हन रायफली २०१४मध्ये कंपनीने परत मागवल्या होत्या, कारण ट्रिगर न ओढताही गोळी सुटण्याचा धोका होता. आधीच्या मालकाने दुरुस्ती करून घेतली की नाही याचा पुरावा मागा. "मला कधी त्रास झाला नाही" हा पुरावा नव्हे.

बारीकसारीक, पण महागात पडणाऱ्या

नळी आणि दस्ता यांच्यामध्ये डॉलरची नोट सरकवून बघा, चेंबरजवळपर्यंत (काडतूस बसतं ती जागा) ती मोकळी गेली पाहिजे. स्वस्त प्लास्टिकचा दस्ता बाइपॉडवर (दोन पायांच्या टेकूवर) दाबला की वाकून नळीला टेकतो आणि गोळ्या भलतीकडे जातात.

माउझर ९८सारखा काडतूस पकडून आत नेणारा बोल्ट बरा की रेमिंग्टनसारखा नुसतं ढकलणारा, या वादात पहिल्या रायफलीसाठी पडू नका. अंगावर येणाऱ्या अस्वलासाठी तो वाद आहे, चरणाऱ्या हरणासाठी नाही.

निशाणाच्या सरावाची गोळी शिकारीला नेऊ नका. पेनसिल्व्हेनियात मोठ्या जनावरासाठी गोळी पूर्ण शिशाची किंवा लागल्यावर पसरणारी असावी लागते, तसा कायदाच आहे.

नळीवर कोरलेलं नाव आणि काडतुसाच्या बुडावरचं नाव अक्षरश: सारखं हवं. "जवळपास तेच" असं काही नसतं.

शंभर यार्डांवर एक इंचाच्या आत तीन गोळ्या बसल्या पाहिजेत हा हट्ट सोडा. हरणाच्या हृदय-फुफ्फुसाची जागा आठ इंचांच्या आसपास असते. बाकावरून दीड इंच पुष्कळ झाला. त्याऐवजी गुडघ्यावर बसून, झाडाला टेकून, दम लागलेला असताना मारून बघा.

नव्या रायफलीची नळी तेल पुसल्याशिवाय झाडू नका. एकाच वजनाच्या पण वेगवेगळ्या कंपन्यांच्या गोळ्यांचे तीन डबे घ्या, जी तुमच्या नळीला मानवेल तिचे सीझनभर पुरतील इतके डबे एकाच लॉटचे (एका खेपेत बनलेले) घेऊन ठेवा. मग सीझनच्या आदल्या आठवड्यात, सकाळच्या थंडीत, गार नळीतून एकच गोळी मारा. जंगलात मिळते ती हीच पहिली गोळी, बाकावरची पाचवी नव्हे. मी तो कागद तारीख, तापमान आणि लॉट नंबर लिहून जपून ठेवतो. पुढच्या वर्षी दुकानात तो लॉट मिळाला नाही तर झीरो पुन्हा तपासा, मग फरक एका क्लिकचाच का निघेना.