व्होल्टेज कुणाचं, करंट कुणाचा?

प्रॅक्टिकलला येणाऱ्या नव्या मुलांना सूत्रं पाठ असतात. व्होल्टेज भागिले करंट म्हणजे रेझिस्टन्स, व्होल्टेज गुणिले करंट म्हणजे पॉवर. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. तरीही उत्तरं चुकतात, आणि बहुतेक वेळा गुणाकार-भागाकार बरोबरच असतो. व्होल्टेज एका वस्तूचं घेतलेलं असतं आणि रेझिस्टन्स काढायचा असतो दुसऱ्याच वस्तूचा. म्हणून वही तपासताना मी उत्तराकडे नंतर बघतो. आधी विचारतो, ‘हे व्होल्टेज कुठल्या दोन टोकांमधलं?’

एलईडीचं उदाहरण घ्या. सप्लाय १२ व्होल्टचा, लाल एलईडीवर साधारण २ व्होल्ट पडतात आणि आपल्याला २० मिलिअँपिअर करंट हवा आहे. सिरीजमध्ये, म्हणजे एलईडीच्या पाठोपाठ करंटच्या त्याच वाटेत, किती ओहमचा रेझिस्टर लावायचा? बरेच जण १२ ला ०.०२ ने भागून ६०० लिहितात. पण रेझिस्टरच्या वाट्याला १२ व्होल्ट येतच नाहीत, १० येतात. म्हणजे उत्तर ५०० ओहम. ६०० लावला तरी एलईडी पेटतो, त्यामुळे चूक लपून राहते. उलट कुणी एलईडीचेच २ व्होल्ट धरून १०० ओहमचा रेझिस्टर लावला, तर करंट जवळजवळ १०० मिलिअँपिअर होईल आणि साधा एलईडी काही टिकणार नाही.

५०० ओहमचा रेझिस्टर दुकानात सहसा मिळत नाही; ५१० किंवा ५६० चा घ्यायचा. आता त्याची पॉवर: १० व्होल्ट गुणिले ०.०२ अँपिअर, म्हणजे ०.२ वॅट. पाव वॅटचा रेझिस्टर कागदावर पुरतो, पण चांगलाच तापतो. मी अर्ध्या वॅटचा लावतो. पॉवरचा हिशेब न करता रेझिस्टर निवडणं ही नवख्यांची सवय लवकर मोडलेली बरी.

एककांबद्दल थोडक्यात. व्होल्टला मिलिअँपिअरने भागलं की उत्तर किलोओहममध्ये येतं, आणि गुणलं की मिलिवॅटमध्ये. हे लक्षात ठेवलं की शून्यांचा घोळ होत नाही.

खरा गोंधळ उडतो तो वर्गाच्या दोन सूत्रांपाशी. पॉवर म्हणजे करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स. आणि पॉवर म्हणजे व्होल्टेजचा वर्ग भागिले रेझिस्टन्स. पहिल्यात रेझिस्टन्स वाढला की पॉवर वाढते, दुसऱ्यात कमी होते. मग खरं काय? दोन्ही खरं. कुठली गोष्ट कायम राहते आहे, ते बघायचं.

२३० व्होल्टवर चालणारा २००० वॅटचा हीटर घेऊ. करंट साधारण ८.७ अँपिअर, रेझिस्टन्स २६.४५ ओहम. इथे व्होल्टेज सप्लायने ठरवलेलं आहे, म्हणून दुसरं सूत्र सोयीचं. सप्लाय १० टक्क्यांनी उतरून २०७ व्होल्ट झाला तर पॉवर १६२० वॅटवर येते. व्होल्टेजमध्ये १० टक्के घट, पॉवरमध्ये १९ टक्के.

आता त्याच हीटरच्या वायरीत एक जोड ढिला आहे, रेझिस्टन्स फक्त ०.१ ओहम. करंट हीटरने ठरवलेला आहे, जोड नुसता त्याच्या वाटेत आलाय. ८.७ चा वर्ग गुणिले ०.१, म्हणजे साधारण ७.६ वॅट. आकडा किरकोळ वाटतो, पण एवढी उष्णता एका स्क्रूच्या टोकाशी साठते. तिथलं प्लास्टिक काळं पडतं ते त्यामुळेच. जोडावर जेमतेम ०.८७ व्होल्ट पडतात, हीटरला पत्ताही लागत नाही. याच जोडासाठी कुणी २३० चा वर्ग भागिले ०.१ केलं, तर ५२९ किलोवॅट येतात! अशक्य आकडा आला की समजायचं, व्होल्टेज दुसऱ्याचं घेतलंय.

१०० वॅटचा, २३० व्होल्टचा फिलामेंटचा बल्ब मुलांना हमखास चकवतो. हिशेबाने त्याचा रेझिस्टन्स ५२९ ओहम. थंड बल्बला मल्टिमीटर लावला, तर त्याच्या दहाव्या भागाहूनही कमी दिसतो. मीटर बिघडलेला नाही. टंगस्टन तापलं की त्याचा रेझिस्टन्स कितीतरी पटीने वाढतो, आणि ५२९ हा पेटलेल्या बल्बचा आकडा आहे. ओहमने १८२७ साली प्रसिद्ध केलेला नियम तापमान तेच राहील तेव्हाचा आहे. एलईडी तर तो पाळतच नाही, म्हणूनच वर आपण एलईडीच्या नव्हे, तर रेझिस्टरच्या व्होल्टेजला करंटने भागलं.

मोजताना व्होल्टमीटर वस्तूच्या दोन टोकांवर, अमीटर सिरीजमध्ये. करंटच्या रेंजवर ठेवलेला मल्टिमीटर थेट सप्लायच्या दोन टोकांना लावला की जवळपास शॉर्टच होतो. रेझिस्टन्स मोजायचा तर सप्लाय आधी बंद करून. सर्किट तोडून अमीटर घालण्यापेक्षा मला दुसरी रीत आवडते: ठाऊक असलेल्या रेझिस्टरवरचं व्होल्टेज मोजायचं आणि त्याच्या ओहमने भागायचं, की करंट मिळतो. सराव मात्र बॅटरीवर किंवा कमी व्होल्टेजच्या डीसी सप्लायवर करा, घरातल्या प्लगवर नको.

एसीवर मोटार आली की व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट हे गणित पुरत नाही. २३० व्होल्ट, ३ अँपिअर आणि पॉवर फॅक्टर (या गुणाकारातला खऱ्या पॉवरचा वाटा) ०.७ असेल तर गुणाकार येतो ६९० व्होल्ट-अँपिअर, पण खरी पॉवर ४८३ वॅट. तसंच २३० भागिले ३ केल्यावर येणारे ७६.७ ओहम म्हणजे इम्पिडन्स (एसीला होणारा एकूण अडथळा), वाइंडिंगचा, म्हणजे मोटारीतल्या तारेच्या गुंडाळीचा, रेझिस्टन्स नव्हे. बंद मोटारीवर मीटर लावला की वाइंडिंग त्याहून बरंच कमी दाखवतं. तेवढ्यावरून ते जळालंय असं ठरवू नका.