घोटा सारखा मुरगळतोय? घरच्या फरशीवर बॅलन्स कसा तपासायचा

कोल्हापुरात फुटबॉल खेळणारा आणि एकदाही घोटा न मुरगळलेला माणूस सापडला तर त्याचा बिंदू चौकात सत्कार करावा लागंल. मुरगळला की आंबेहळद लावायची, वर क्रेप बँडेज, घरातलं कुणीतरी चोळून देतंय, आठवड्याभरात सूज उतरली की पोरगं परत शाहू स्टेडियमवर. खरी गोची नंतर सुरू होते. सहा महिन्यांनी साधं चालताना गटारीच्या झाकणावर पाय पडतो आणि घोटा आत दुमडतो, मग परत कधी उसाच्या सरीत, कधी जोतिबाच्या ओल्या पायऱ्यांवर. पहिल्यांदा मुरगळून वर्ष होऊन गेलं तरी घोटा असा दगा देत असंल, सहा महिन्यांत दोनदा तरी असं झालं असंल, तर त्याला क्रॉनिक अँकल इन्स्टॅबिलिटी, म्हणजे घोट्याचा जुना अस्थिरपणा म्हणतात, आणि नुसतं "माझा घोटा वीक आहे" म्हणून सोडून द्यायची ही गोष्ट नाही.

माझ्याकडं अशी पोरं आली की पहिल्यांदा एका पायावर उभी राहून दाखवतात, "बघा सर, काय नाही झालंय". डोळे उघडे, सपाट फरशी, समोर भिंत, एवढ्यावर बहुतेक सगळेच पास होतात. त्यातनं काही कळत नाही. घोट्याचा दोष दिसतो तो डोळे मिटल्यावर, लांब पोचायला लावल्यावर आणि उडी मारून खाली आल्यावर. म्हणून टेस्ट त्याच क्रमानं घ्यायच्या.

आधी कुणी करायचं नाही ते सांगतो. आत्ताच मुरगळलाय, सूज आहे, चार पावलं पण टाकता येत नाहीत किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर दाबलं की कळ येते, तर टेस्टबिस्ट काही नाही, सीपीआर हॉस्पिटलला नाहीतर जवळच्या हाडांच्या डॉक्टरांकडं जाऊन एक्स-रे काढायचा. शुगरमुळं तळपाय बधिर असतील, चक्कर येत असंल, वय झालेलं असंल तर बॅलन्स जायची कारणं वेगळी असतात, त्यांनी घरी एकट्यानं हे करू नये.

सामान म्हणजे शिंप्याचा टेप, खडू, मोबाईलचं स्टॉपवॉच आणि सोबतीला एक माणूस. बूट-सॉक्स काढायचे, पँट गुडघ्यापर्यंत वर. मॅच खेळून आल्यावर लगेच करायचं नाही, दमलेल्या पायाचा आकडा वेगळाच येतो. आणि प्रत्येक टेस्ट आधी चांगल्या पायावर घ्यायची, मग दुखऱ्या.

पहिलं, गुडघा भिंतीला. ही बॅलन्सची टेस्ट नाही, पण हिच्याशिवाय पुढचे आकडे फसवतात. भिंतीसमोर उभं राहायचं, टाच जमिनीला चिकटलेली ठेवून गुडघा भिंतीला टेकवायचा, टेकला की पाय थोडा मागं सरकवायचा, असं करत करत जिथनं टाच उचलल्याशिवाय गुडघा पोचतच नाही तिथं थांबायचं आणि अंगठ्यापासून भिंतीपर्यंतचं शेवटचं जमलेलं अंतर मोजायचं. टाच सुटली का नाही हे डोळ्यानं नीट कळत नाही, त्यासाठी टाचेखाली केएमटी बसचं तिकीट ठेवा आणि सोबतच्याला हळू ओढायला सांगा, तिकीट निघालं की तो प्रयत्न बाद. दोन पायांत २ सेंमीपेक्षा जास्त फरक असंल तर तो घोटा अजून आखडलेला आहे हे लिहून ठेवा.

दुसरं, डोळे मिटून एका पायावर. हात कमरेवर, दुसरा पाय थोडा वर, पण दोन्ही पाय एकमेकाला टेकवायचे नाहीत. भिंत हाताच्या अंतरावर पाहिजे, सोबतचा जवळ पाहिजे. आता डोळे मिटायचे आणि ३० सेकंद. सोबतच्यानं खाली वाकून फक्त तळपायाकडं बघायचं. बोटं उचलली, टाच उचलली, बाहेरची कड उचलली, प्रत्येक वेळी एक गुण, दुसरा पाय जमिनीला लागला तर तोही एक. पाच किंवा त्याहून जास्त झाले की शंका घ्यायला जागा आहे. मी तीनदा घेतो आणि सगळ्यात चांगला धरतो, मधे थोडी विश्रांती.

डोळे का मिटायचे? लिगामेंट म्हणजे हाडाला हाड बांधणारा पट्टा, पण त्यात नुसती दोरी नसते, पाय कुठल्या कोनात आहे ही खबर मेंदूला देणाऱ्या नसांची टोकं पण तिथं असतात. मुरगळताना ती पण दुखावतात, हे म्हणणं ब्रिटनमधल्या फ्रीमन यांनी १९६५ मध्येच मांडलेलं. आता तेवढंच एक कारण मानत नाहीत, मेंदूची सगळी कंट्रोलची पद्धतच बदलते असं दिसतंय, आणि असे पेशंट तोल सांभाळायला डोळ्यांवर जास्त अवलंबून राहतात. डोळे मिटले की तो आधारच जातो आणि घोटा उघडा पडतो.

तिसरं, वाय टेस्ट, म्हणजे इंग्रजी Y सारख्या तीन रेघांवर पाय लांब पोचवायचा. वेळ कमी असंल तर बाकीचं सोडा पण ही करा. याचं किट विकत मिळतं, पण घरात चौकोनी टाईल्स असतील तर गरज नाही. चार टाईल्स जिथं मिळतात तो कोपरा पकडा. तिथनं मागं जाणाऱ्या दोन सांध्यांमध्ये आपोआप ९० अंश मिळतात, त्या झाल्या मागच्या दोन रेघा. पुढची रेघ समोरच्या टाईलच्या कोपऱ्यातनं कोपऱ्यात तिरकी खडूनं ओढा, ती दोन्ही मागच्या रेघांपासून बरोबर १३५ अंशावर येते. म्हणजे उभं राहताना तोंड टाईलच्या तिरकं होणार, ते बरोबरच आहे.

अंगठ्याचं टोक त्या कोपऱ्यावर ठेवून, तोंड तिरक्या रेघेकडं करून उभं राहायचं, हात कमरेवर. दुसऱ्या पायानं एक पुढं, एक मागं आपल्याच बाजूला, आणि एक उभ्या पायाच्या मागनं पलीकडं, जितकं लांब जाईल तितकं न्यायचं, रेघेवर बोटानं हलकासा स्पर्श करून परत जागेवर यायचं. सोबतच्यानं स्पर्शाच्या जागी खडूची खूण करायची. टाच उचलली, हात सुटला, पोचलेल्या पायावर वजन टाकलं किंवा परत येताना तोल गेला, तर ते मोजायचं नाही, परत घ्यायचं. बहुतेक सगळे पोचलेल्या पायावर वजन टाकूनच चीटिंग करतात, लक्ष ठेवा. प्रत्येक दिशेला आधी चारदा प्रॅक्टिस द्यायची, कारण पहिल्या काही वेळा अंतर नुसतं सवयीनंच वाढतंय, मग तीनदा मोजून सरासरी.

उंच माणूस लांब पोचणारच, म्हणून पायाच्या लांबीनं भागायचं. आडवं झोपून कमरेच्या पुढच्या टोकदार हाडापासून आतल्या घोट्याच्या हाडापर्यंत टेप लावा. समजा लांबी आली ८६ सेंमी. चांगल्या पायावर उभं राहून पुढं ५८, मागं आपल्या बाजूला ९२, पलीकडं ८७, बेरीज २३७. पायाच्या लांबीची तिप्पट २५८, तिनं भागून शंभरनं गुणलं की ९२ टक्के. दुखऱ्या पायावर ५२, ८५, ८०, बेरीज २१७, म्हणजे ८४ टक्के. त्यात पुढच्या दिशेला ६ सेंमीचा फरक आहे, आणि साधारण ४ सेंमीच्या वरचा फरक मी सोडून देत नाही.

आता पहिल्या टेस्टचा कागद काढा. पुढचं अंतर कमी आणि गुडघा-भिंत पण कमी, तर बॅलन्सपेक्षा घोट्याचा आखडलेपणा आडवा येतोय, आधी तो सोडवायला पाहिजे. गुडघा-भिंत दोन्हीकडं सारखं असूनही वाय टेस्टमध्ये कमी आलं तर मात्र घोटा-मांडीची ताकद आणि कंट्रोल यांच्यावर काम करावं लागतंय. हे न बघता सगळ्यांना एकच वॉबल बोर्डचा (डुगडुगणाऱ्या फळीवर उभं राहायचा) व्यायाम देणं मला तरी पटत नाही.

शेवटचं, आडव्या उड्या. फक्त खेळणाऱ्यांनी, आणि वरच्या टेस्ट दुखल्याशिवाय पार पडल्या तरच. ३० सेंमी अंतरावर दोन रेघा, एका पायावर बाजूला उडी आणि परत, ही एक फेरी, अशा १० फेऱ्या जमेल तितक्या फास्ट. १३ सेकंदांच्या आसपास किंवा जास्त लागले तर घोटा कमी पडतोय. पण मी घड्याळापेक्षा "घोटा आत्ता जाईल असं वाटलं का?" हे विचारतो. होय म्हणाला तर वेळ कितीही भारी असू दे, लिगमध्ये उतरायची घाई नको.

त्या वाटण्याचा हिशोब ठेवायला कम्बरलँड नावाची नऊ प्रश्नांची ३० गुणांची प्रश्नावली आहे, २४ किंवा कमी आले तर घोटा अस्थिर धरतात. फिजिओकडं मागितली तर मिळंल.

एक गोष्ट ध्यानात ठेवा, चांगला पाय खरंच चांगला आहे असं धरून चालू नका. वर्षानुवर्षं लंगडत सांभाळलं की दुसऱ्या बाजूचा कंट्रोल पण उतरलेला सापडतो, मग दोन्ही पाय सारखे दिसतात आणि माणूस खूश होतो. दोन्हीकडचे आकडे कमी आले तर फरक शून्य असला तरी काम दोन्ही पायांचं करायचं. आणि या घरच्या आकड्यांवरनं निदान होत नाही, लिगामेंट किती सैल आहे ते हातानं तपासूनच कळतं. कागद, तारीख आणि कुठल्या फरशीवर घेतलं ते लिहून फिजिओकडं न्या, व्यायाम सुरू करा आणि सहा आठवड्यांनी त्याच फरशीवर, त्याच माणसाला सोबत घेऊन परत मोजा.