घरी केलेला साबण कुत्र्याला चालेल का?

एखाद्या वेळी चालेल, पण नेहमीसाठी नको. कुत्र्याच्या त्वचेचा पीएच (आम्ल की अल्कली हे सांगणारा आकडा; सातच्या वर म्हणजे अल्कली) सातच्या आसपास असतो आणि कॉस्टिक सोडा व तेलापासून केलेल्या साबणाचा ९ ते १०. खोबरेल वापरा, कडुनिंब घाला, हा आकडा फारसा हलत नाही. लिंबू पिळून तो सातवर आणायला गेलात तर साबणच फुटतो, तेल वेगळं होतं. त्यामुळे ‘घरचा म्हणजे सौम्य’ हे काही खरं नाही.

तरी वापरायचाच असेल, तर वडी चार ते सहा आठवडे मुरलेली हवी. सुवासिक तेल अजिबात नको, विशेषतः टी ट्री ऑइल. कुत्रा अंग चाटतो आणि ते त्याला विषारी ठरतं. वडी थेट अंगावर न घासता फेस हातावर काढून लावा. डोळे, कान टाळा. बोअरचं पाणी जड असेल तर साबणाचा चिकट थर केसांत अडकतो, म्हणून भरपूर पाणी ओता, पोटाखाली आणि बोटांच्या बेचक्यांत जास्तच. नंतर खाजवू लागला, कोंडा दिसला, की साबण बंद. त्वचेचा आजार असलेल्या कुत्र्याला किंवा पिल्लाला तर कुत्र्यांचा शाम्पूच आणा.